पाठ उचलणारी खाट

दि. ११ मार्च

चि. भुंगीस,

मावशीचे भरभरून आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. तुझे काकाही बरे, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणं चालूच आहे. कोरा कागद कशाला दवडायचा म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे. अक्षर बारीक झालंय, सांभाळून घे.

परीक्षेसाठी काय वाचतेस ते सोपं करून लिहिलंस, बरं केलंस. दर वेळी 'आत्ता कशानं जास्त लोकांचं भलं होईल' असं तोलत बसायचं नाही; जो नियम सगळ्यांनी पाळला तर एकंदरीत भलं होतं, तो पाळायचा. एखाद्या वेळी मोडण्यात जास्त भलं दिसलं तरी पाळायचा. आणि विचारलंस, मावशी, तू मंडळाचे हिशेब ठेवतेस, तुला पटतं का हे?

अर्धं पटतं. कुठलं अर्धं, ते सांगते.

आमच्या प्रार्थना मंडळाची एक खाट आहे, हँडल फिरवलं की पाठ उचलणारी. आजारी माणसाच्या घरी ती फुकट द्यायची. पूर्वी ती मंडळातल्या बायकांच्या सासवांकडेच फिरायची, त्या बऱ्या होऊन बाजारात जायला लागल्या तरी. लोक विचारायचेच बंद झाले. तेव्हा तुझ्या आईनंच नियम घालून दिला: ज्यानं आधी सांगितलं त्याला आधी, नात्यागोत्याचं काही नाही. मग लांबलांबचे लोक यायला लागले. आज नाही मिळाली तरी आपला नंबर लागेल, हा भरवसा असतो त्यांना.

गेल्या आठवड्यात खाट परत आली. नंबर होता टायपिंग क्लासवाल्या बाईंच्या यजमानांचा, मांडीचं हाड मोडलंय त्यांचं. आणि त्यांच्यामागे एक बाई होत्या, ज्यांना आडवं झालं की श्वास लागतो, म्हणून खुर्चीतच झोपतात.

मंडळातल्या शिंपीणबाई म्हणाल्या, "आधी त्या बाईंना द्या. हाडवाला काय, उताणा पडून राहील."

केमिस्टच्या बायकोनं तोडगा काढला की नियमात एक ओळ घालू, दुखणं गंभीर असेल तर नंबर सोडून द्यावी. मी म्हटलं, "खाट मागायला येतो त्या प्रत्येकाच्या घरचं दुखणं गंभीरच असतं. ती ओळ घातली की रोज भांडणं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याची खाट." खाट टायपिंगवाल्या बाईंकडे गेली. मी स्वतः हातगाडीबरोबर चालत गेले. टायपिंगवाल्या बाईंनी माझे हात धरले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. नियम बरोबर होता, भुंगे. तरी घरी येऊन देवापुढे बसले आणि प्रार्थना अर्धीच टाकून उठले.

कारण खुर्चीत झोपणारी बाई म्हणजे तुझी आई.

घाबरू नकोस, नीट वाच. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. ऑपरेशन ठरलंय, तुझ्या शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी. डॉक्टर धीर देतात, पण हमी देत नाहीत. मागच्या दोन पत्रांत मी 'ताई मजेत' लिहिलं, ते तिनं समोर बसून लिहवून घेतलं. फोनवरही तिनं मला बोलू दिलं नाही.

आपल्या घरचा नियम तुला माहीत आहे, परीक्षेत वाईट बातमी कळवायची नाही. ताईच्या मॅट्रिकला कुणीतरी सांगितलं की आजोबा अत्यवस्थ आहेत. ती पेपर टाकून धावत आली, तर आजोबा ओट्यावर बसून दाढी करत होते. ती पुन्हा परीक्षेला बसलीच नाही. पुढे माझ्या वेळी आजीचा हात मोडला, तो मला सगळं संपल्यावर कळला. मी पास झाले. त्या नियमाचं मी खाल्लंय, म्हणून तो मोडताना हात जड झाला.

पण रोज तिच्या खुर्चीशेजारी बसून विचार केला. खाटेचा नियम परक्या माणसांच्या भरवशावर उभा आहे, आणि तो ज्यांना लागतो त्या सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या आईलाही. म्हणून ती खुर्चीत बसूनही मला म्हणाली, "बरं केलंस." हा दुसरा नियम ज्याच्या भल्यासाठी, त्यालाच अंधारात ठेवतो. एरवी निभतं. पण आईला बघायचं की पेपर द्यायचा, हे तुझ्याऐवजी आम्ही दोघींनी ठरवायचं, आणि वाईट झालं तर ते जन्मभर तू भोगायचं, हे भलं मला तरी कुठल्या हिशेबात मांडता येईना. पुस्तकात याला काय म्हणतात ते तू शोध.

पोस्टात चोरून टाकणार नव्हते, म्हणून हे पत्र आत्ता ताईला वाचून दाखवलं. तिनं कागद हातात मागून घेतला. मला वाटलं, फाडणार. पण म्हणाली, "येणार असली तर सकाळच्या गाडीनं ये म्हणावं. अंधारात एकटी नको." आणि वर, "पुस्तकं घेऊन ये म्हणावं."

तुझ्या खोलीची चादर आजच बदलली आहे. तू ठरवशील ते आम्हाला मान्य.

वाट बघणाऱ्या दोघींतली धाकटी,
तुझी मावशी