आठ गाडगी

२२ जानेवारी १९६२, सोमवार

बालवाडीत आज बाराच मुलं. मागच्या आठवड्यात एकवीस होती! पाच फेब्रुवारीला आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार म्हणे. अष्टग्रही, अष्टग्रही — उंद्रीत दुसरा विषय नाही. तुळशीराम पाटील म्हणाले, "बाई, मराचंच हाये तं लेकरं घरीच मरतीन. शाळा काऊन उघडी ठेवता?"

उघडीच राहील, म्हटलं. बोलून तर बसले.

२४ जानेवारी

मी कोणत्या तोंडाने मुलांना 'घाबरू नका' सांगते? चौपन्न सालच्या ग्रहणात मीच तिन्हीसांजेला वांगी चिरली. सात महिन्यांची पोटुशी. विसरले — नुसती विसरले! मुलगी झाली ती ओठ फाटलेली. दूध ओढता येईना. बारशाच्या आदल्या दिवशी गेली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "इळी कोनं धरली होती?"

विळीवर बसलं की हात अजून थांबतो. वांगी तर तेव्हापासून चिरलीच नाहीत.

२९ जानेवारी

आज खेळ घेतला. आठ मुलं ग्रह. प्रत्येकाच्या डोक्यावर एक गाडगं. एक खळ्याच्या मधल्या मेढीपाशी, एक बाभळीखाली, एक पार शेताच्या बांधावर, धुऱ्यावर. बाकीच्यांनी ओट्यावरून एक डोळा मिटून बघायचं.

"चिकटले! बाई, सारे चिकटले!"

पाच वर्षांची गोजरा ओट्यावरून उतरली आणि सुटलीच. एकेका गाडग्याला हात लावून धापा टाकत परत. "नाई चिकटले! मी मधातून पळत आली!" मग — "बाई, एवढ्या दुरून त्याईले आपलं घर दिसते काय?"

तुला काय वाटतं, विचारलं.

"मले तं धुऱ्यावरून तुमीच दिसल्या नाई."

मुलांना तसंच खेळू दिलं. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. माळ ओढता ओढता त्यांचा हात मध्येच थांबला.

१ फेब्रुवारी

सात मुलं.

३ फेब्रुवारी, शनिवार

मारुतीच्या देवळात होम. सासूबाईंनी अन्न सोडलं. चार मुलं आली. खरं लिहायचं तर मलाही भीती वाटते. गोजरा म्हणते ते पटतं, तरीही.

५ फेब्रुवारी

गोजरा एकटीच. दोघींनी दिवसभर गाडगी मांडली. संध्याकाळी दार लावताना सासूबाईंचा निरोप — लवकर घरी ये, दिवस बुडायच्या आत सांगायचं आहे.

६ फेब्रुवारी

उजाडलं.

काल सासूबाईंनी जवळ बसवलं. सगळं संपणारच, ही त्यांची खात्री. म्हणाल्या, "हे घेऊन मरत नाई मी. माह्या पयल्या पोरीचा ओठबी तसाच होता. त्या साली गिऱ्हान लागलंच नोतं."

साडेसात वर्षं! ओरडले मी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. मग विचारलं, तिचं नाव काय होतं?

"तिचंबी बारसं राह्यलं."

आज सकाळी वांगी चिरली. त्या समोर बसून बघत होत्या.