झारीतलं साधं पाणी

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी खुशाल आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. इथे जंगलात बोलायला कोणी नसतं, एवढंच. वनरक्षक काका आठवड्यातून एकदा येतात.

तू कामाचं विचारलंस. गाड्यांच्या धुरातला आणि खतांतला नायट्रोजन पावसाबरोबर जंगलात उतरतो. त्यानं काय होतं ते कळावं म्हणून आम्ही जमिनीच्या एका तुकड्यावर दर महिन्याला मुद्दाम नायट्रोजनचं पाणी घालतो. चार वर्षांत तिथलं गवत माजलंय आणि रानफुलं त्याखाली गुदमरलीत. काका म्हणतात, "पोरी, जंगल वाचवायला आलीस की मारायला?"

या महिन्यात तिथे एकच जांभळं फूल उरलं होतं. मला राहवलं नाही. झारीत साधं पाणी भरलं आणि नोंदींच्या वहीत मात्र नेहमीप्रमाणे नायट्रोजन घातल्याचं लिहिलं.

खोटं लिहिलं, आई. आठ दिवस ती वही उघडवली नाही. या आकड्यांच्या जोरावरच उद्या कोणीतरी धूर सोडणाऱ्यांना जाब विचारणार आहे, त्यात माझी लबाडी कशी चालेल? काल हा प्रयोग चालवणाऱ्या आमच्या मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वहीत खरं लिही आणि उद्या ठरलेलं पाणी घाल." नोकरीचं काही बोलल्या नाहीत.

बाबांना एवढ्यात सांगू नकोस, ते दुकानात सगळ्यांना माझं कौतुक सांगत असतील. तुझे गुडघे कसे आहेत? धाकटी अभ्यास करते ना?

आज सकाळी त्या फुलावर नायट्रोजनच्या पाण्याची झारी पूर्ण रिकामी केली. मग तिथेच बसून रडले. इथे डोळे पुसायला कोणी नाही, म्हणून तुला लिहिलं.

तुझीच,
थोरली