मालकांनी केलेलं कौतुक

बाबा, तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो. आईला एवढंच सांगा, बाकीचं तुमच्यापुरतं ठेवा.

व्हिसा वाढवून मिळाला नाही. मालकांनी माझं कौतुक केलं, ते नडलं. अर्जासोबतच्या पत्रात त्यांनी भरभरून लिहिलं, की हा नुसता सुतार नाही, वायरिंग बघतो, टेम्पो चालवतो, नळसुद्धा दुरुस्त करतो. व्हिसा ऑफिसने कळवलं, व्हिसा सुताराचा होता, हा भलतीच कामं करतोय, सबब अर्ज नामंजूर.

अपील केलंय. वकीलबाई म्हणतात, मालकांनी नव्याने लिहून द्यावं, की याची नोकरी सुतारकामाचीच, बाकीचं कौतुकाच्या भरात लिहिलं गेलं. मालक दोन दिवस कोरा कागद घेऊन बसलेत. "म्हणजे तू फारसा कामाचा नाहीस, असं लिहू का?" म्हणतात. डोक्याला नुसता ताप झालाय.

निकाल कधी लागेल, कुणी धड सांगत नाही. तोवर हा देश सोडता येत नाही, सोडला तर अपील रद्द. मागच्या दाराची चौकट मी येऊन बसवणार होतो, ती आता कुणाकडून तरी बसवून घ्या. आईचा गुडघा कसा आहे?

तोवर रंधा आणि करवत सोडून कशालाही हात लावायचा नाही, अशी वकीलबाईंची ताकीद आहे. दिसलेलं काम टाळायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? कारखान्यातला नळ सकाळपासून गळतोय. वायसर बदलायचा, दोन मिनिटांचं काम. मी समोर बसून तुम्हाला पत्र लिहितोय.

तुमचा,
फक्त सुतार