गिधाडं उतरली नाहीत

५ फेब्रुवारी
पोलादपूरहून जीप, मग पायी खडी चढण. पाठीवरची सॅक नकोशी झाली होती, पण वाडीची कौलं दिसली आणि मी एकटीच हसले. बँकेतून वर्षाची बिनपगारी रजा काढली तेव्हा पुण्यात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. चाळिशीला टेकल्यावर गिधाडं राखायला कोण जातं? मी जाते. माझी सोय राहीबाईंच्या घरी आहे. सारवलेली जमीन, भिंतीला लागून म्हशींचा गोठा, जेवायला नाचणीची भाकरी आणि घट्ट ताक. त्या एकट्या राहतात. त्यांचे दीर सोनबा शेजारच्या घरात. गिधाडं वाचवणाऱ्या ज्या संस्थेसाठी मी आले, तिचं इथलं काम विनीत बघतो. तो महाडजवळच्या नाते गावचा, हसरा आणि भलताच बोलका. मला पहिल्याच दिवशी ‘अपेक्षाताई’ करून टाकलं.

८ फेब्रुवारी
काम समजलं. वाडीच्या वर कड्यापाशी उघडा कातळ आहे. वाडीतलं मेलेलं जनावर तिथे नेऊन ठेवायचं आणि आडोशाला बसून, दुर्बिणीतून, उतरतील ती गिधाडं मोजायची. जनावराला दुखण्यावरचं इंजेक्शन दिलेलं नसावं, कारण असलं मांस खाऊनच गिधाडं संपत आली. सोनबा सांगत होते, त्यांच्या लहानपणी कातळ काळा दिसायचा पक्ष्यांनी. गिधाडं जनावर खातात असं ते म्हणत नाहीत, ‘सोडवतात’ म्हणतात. मला शब्द आवडला.

१७ फेब्रुवारी
कड्यातली घरटी रिकामी आहेत. पिल्लंसुद्धा नाहीत. विनीत म्हणतो, जागा बदलली असेल. पण दुर्बीण पुसून पुसून तो पुन्हा कड्याकडेच बघत होता.

२१ फेब्रुवारी
राहीबाईंची चांदी म्हैस गेली. औषध काहीच दिलं नव्हतं, म्हणून आम्ही दोर लावून तिला कातळावर ओढत नेलं. राहीबाई गोठ्याच्या दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत बसलो. गिधाड सोडाच, कावळा आला नाही. जवळ जाऊन पाहिलं तर अंगावर एक माशी नव्हती.

२३ फेब्रुवारी
कातळ रिकामा. हाडं नाहीत, रक्त नाही, ओढल्याच्या खुणा नाहीत. विनीत बिबट्याचं नाव घेत होता, पण एवढी म्हैस बिबट्या उचलत नाही हे त्यालाही माहीत आहे.
खाली आलो तर चांदी गोठ्यात, आपल्या खुंट्याशी उभी. दगडांवर घासून पोटाची कातडी सोलली होती, तशीच. राहीबाई तिच्यापुढे पेंढा टाकत होत्या. मी विचारलं, हे कसं? त्या वर न बघता म्हणाल्या, “आली गो बाय ती. आपल्याच घरला आली.”

२४ फेब्रुवारी
पेंढा तसाच. रवंथ नाही. तिचं पारडू दावं तोडून रानात पळालं. मी तिच्या नाकपुडीसमोर हात धरला. श्वास नव्हता. डोळा मात्र माझ्याकडे वळला.
सोनबा म्हणाले, “सोडवणारं कोन नाय उरलं, तर जनावर जाईल कुठं?”

२६ फेब्रुवारी
चांदी परत आल्यावर विनीतने कातळावर कॅमेरा लावला होता, तो काढायला गेला होता. त्याची किंकाळी खालपर्यंत आली. मी आणि सोनबा धावलो. कड्याखाली, खोल, तो पडला होता. मान भलतीच वळलेली. खूप हाका मारल्या. उतरायला वाट नाही. महाडला फोन केला. गिर्यारोहक उद्या दोर घेऊन येतील.
सोनबा खाली बघत नव्हते. आभाळाकडे बघत होते. आभाळ मोकळं होतं.

२७ फेब्रुवारी, सकाळ
माणसं खाली उतरली. रक्त आहे. एक बूट आहे. विनीत नाही. ते म्हणतात जिवंत असेल, सरपटत गेला असेल. दरीत शोधायला गेलेत. मीही तसंच म्हणते आहे. तशी मान घेऊन —

दुपार
तो आला. एका पायात बूट. डोकं खांद्यावर टेकलेलं.
अंगणात बसलाय. राहीबाईंनी त्याला चहा दिला. चहावर साय धरली, तो बघतोय नुसता. मी त्यांचा हात धरून आत ओढत होते. त्या म्हणाल्या, “आलाय तर बसू दे गो. लेकरू हाय कुनाचं तरी.” आणि पारडू शोधायला निघून गेल्या.
मी कडी लावली. दरीतल्या माणसांना फोन लागत नाही.

ऊन उतरताना
दाराशी आलाय. आवाज त्याचाच, ओठ हलत नाहीत. म्हणतो, अपेक्षाताई, मला गिधाडं घेत नाहीत. ताजं काही ठेवलं तर उतरतील. मग मीपण सुटेन.
पुन्हा तेच. पुन्हा —

सोनबांचा आवाज. “बाय, कडी काढू नको.” मग त्याच्याशी, समजावणीच्या सुरात — चल रे पोरा, देवळाकडं जाऊ, चल —
धप्प झालं काहीतरी.
आता सोनबा बोलत नाहीत.

फटीतून दिसतंय. सोनबा अंगणात, उताणे. अंगणावरून सावल्या फिरतायत. मोठ्या.
आली. खरंच आली. मी वर बघू शकत नाही —
विनीत दाराशी म्हणतोय, तुम्ही काही करू नका ताई. फक्त मोजायला या.

सोनबांचा हात हलला. जिवंत आहेत. नक्की हलला. एक पक्षी उतरला — जिवंत आहेत ते, अजून जिवंत, मी कडी काढते आहे, की मेल्यावरच हलतोय तो — नाही, कण्हले, ऐकू आलं मला —
विनीत मोजायला लागलाय. एक. दोन.
कडी निघत नाही — निघाली — ती सगळी सोनबांकडे नाही, दाराक