तीन सॉफ्टवेअर, एक होडी आणि अध्यक्षपद

३ मार्च
हौशी होडीबांधणी मंडळाच्या सभेत आज कडाडलो. स्वतः बांधलेली होडी तीस तारखेला तळ्याच्या पलीकडच्या काठाला जो नेईल, तोच अध्यक्ष! सध्या अध्यक्ष मीच. टाळ्या कमी पडल्या. लोक भारावले असणार. चिटणीस दातांचा डॉक्टर. पुठ्ठे कापून होड्यांचे नमुने करतो. आदिमानव! मी आधी तीन फुकट सॉफ्टवेअरची तुलना करणार, मगच फळीला हात.

५ मार्च, सकाळी ७
पहिलं सॉफ्टवेअर. उद्धट. होडीचा तळ इकडे ओढला की तिकडे फुगतो. वर विचारतं, बसणाऱ्याचं वजन किती? एकशे चार टाकलं. होडी बुडेल म्हणालं. फुकट मिळतं म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं? काढून टाकलं.

९ मार्च
दुसरं. बटणं दोनशे, अक्कल शून्य. यानेही बुडवलं. रुंदी वाढवा म्हणे. म्हणजे होडी नको, परात करा! यंत्रांची ही हुकूमशाही मी चालू देणार नाही. काढून टाकलं.

१२ मार्च
तिसरं. सुसंस्कृत. प्लायवूडचे तुकडे कसे कापायचे ते छापून देतं. वजनाच्या रकान्यात बहात्तर टाकलं. हे खोटं नाही. तीस तारखेला मी बहात्तरच असणार. उद्यापासून साखर बंद. होडी डौलात तरंगली! बायको म्हणाली, अहो, बहात्तर तर तुम्ही लग्नाआधीही नव्हता, मी फोटो पाहिलेत.

१३ मार्च
साखर उद्यापासून. आज तुलना लिहायला घेतली, डोकं चालायला हवं.

२१ मार्च
मेहुणा सुतार. त्याने प्लायवूड कापलं. बायकोने भोकं पाडून तुकडे तारेने शिवले, सांधे राळेने भरले. मी पाहणी केली. मेहुणा म्हणाला, दाजी, ही तुम्हाला अंगाला घट्ट होईल, थोडी रुंद करू का? त्याला ठणकावलं, हे विज्ञान आहे, स्टूल नव्हे. तुलना अठ्ठेचाळीस पानं झाली. वजन एकशे सहा. काटा जुना आहे.

३० मार्च, दुपार
चिटणिसाची होडी निम्म्यात गळायला लागली, तो परत फिरला. पुठ्ठ्याची लायकी कळली. मग मी बसलो. पाणी दोन्ही बाजूंनी एकदम आत. तिसरंही फितूर निघालं! काठावरून चिटणीस ओरडला, अध्यक्षमहाराज, तुलना खालूनही चालू ठेवा. मेहुण्याने मला बाहेर ओढलं, होडी उपसली. बायको बसली आणि वल्ही मारत सरळ पलीकडे. होडी तिनेच बांधलेली, नियम मीच केलेला.

नव्या अध्यक्षांनी काठावरच पहिला ठराव मांडला: अध्यक्षीय भाषण कायमचं बंद. एकमताने मंजूर. मला विरोधात हात वर करायचा होता, पण कपडे वाळत घातले होते आणि टॉवेल सोडता येत नव्हता.