टाळ्यांवरचा पाढा

मंगळवार, संध्याकाळ. सुपा.

पाय लई दुखत्यात. दिवसभर हॉलवर सतरंज्या टाकल्या, चहा वाटला. मास्तर लोकांचं ट्रेनिंग हुतं, टाळ्यांच्या ठेक्यावर पाढे कसे शिकवायचे त्याचं. आमच्या पाथर्डीकडचे गुरुजीबी आल्ते. बहीण राणी आईसंगं ऊसतोडीला गेलीय. म्हनलं, "गुरुजी, ती आली की तिला असंच शिकवा."

"तवर वर्ष सरंल रे. निम्मा वर्ग रिकामा, टाळ्या कुनासंगं वाजवू?"

मग मीच राणीला फोन लावला. टाळ्या वाजवत सातचा पाढा म्हनलो.

"दादा, मला टाळी नको. आपलं बारकं माझ्या मांडीवर झोपलंय, उठंल."

मला वाटलं, कशाला लावला फोन?

मग म्हनली, "बोटावर बोट वाजवते."

पाढा तिनं पुरा म्हनला. बोटं मला ऐकू आली न्हाईत.