शेवटच्या खेपेचा पाव

प्रिय बडबडे,

तुझं पाकीट पोचलं. तेवीस पानं, आणि सगळी पावावर! दुपारी मैदा चाळून झाल्यावर पाय वर घेऊन वाचायला बसले आणि चष्म्यासकट डुलकी लागली. रागावू नकोस, आताशा मला कुठेही डुलकी लागते. पण वाचलं सगळं. एका भाषेत कालच्या पावाला वेगळं नाव, दुसरीत हाताने मोडायचा पाव वेगळा आणि सुरीने कापायचा वेगळा. आपल्यात मात्र सगळा पावच, फार तर कडक नाहीतर मऊ. जन्म भट्टीसमोर काढला मी, पण वाचून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

पावाच्या टोकाला आपल्या दुकानातले भट्टीवाले काका त्यांच्या भाषेत जे म्हणायचे, तेही तू लिहिलंयस. रोज पहिल्या पावाचं टोक ते तुझ्यासाठी डब्याच्या झाकणावर काढून ठेवायचे, पण ते नाव घेतल्याशिवाय हाताला लागू देत नसत. तू ते घोकत घोकत शाळेत जायचीस. मग बारा वर्षांची असताना एके दिवशी तू फळीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या बदलल्यास. दुकानातल्या चार माणसांच्या चार भाषांतली नावं, तुझ्या गोल गोल अक्षरात. गिऱ्हाईकांचा नुसता गोंधळ. एक बाई गोड समजून खारा पाव घेऊन गेल्या आणि परत येऊन त्यांनी माझी खरडपट्टी काढली. मी सगळ्यांदेखत त्या चिठ्ठ्या फाडल्या आणि शब्दांनी पोट भरतं का, असं तुला विचारलं. तू तशीच बाहेर पडलीस. पुढे परगावी शिकायला जाईपर्यंत दुकानात पाऊलही टाकलं नाहीस. माझं चुकलं गं. एवढं लिहायला मला वीस वर्षं लागली.

काका गुडघ्यांपायी घरी बसले. तुझा मामा पीठ मळतो आणि कुरकुरतो, दोन्ही अगदी मन लावून. मला आता जड ट्रे उचलवत नाहीत, दोन पायऱ्या चढले की टेकावं लागतं.

फोनवर तू खोकल्याचं विचारलंस तेव्हा मी सर्दी म्हणाले. सर्दी नाही. डॉक्टर म्हणतात, इतक्या वर्षांचं पीठ छातीत बसलंय, आता भट्टीसमोर एक दिवसही नको. मी भांडून महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. शेवटच्या रविवारी सकाळी भट्टीतून पावांची शेवटची खेप निघेल, मग दुकान बंद. तुझ्या तेवीस पानांत त्या शेवटच्या पावाला कुठेच नाव नाही, मी दोनदा शोधलं. तुझ्या चिठ्ठ्या मी त्याच दिवशी केरातून काढून चिकटवून ठेवल्या होत्या. रविवारी फळीवर त्याच लावणार आहे, होऊ दे गिऱ्हाईकांचा गोंधळ. टोक झाकणावर काढून ठेवते. नाव घ्यायला लावणार नाही, नुसती ये.

तुझीच,
पिठाने माखलेली आई